हरलेलीची ओटी

आमच्या शेजारच्या गयाकाकू टीव्हीची ओटी भरायच्या.

टीव्ही आमचा. रंगीत, एकवीस इंची, माझ्या बायकोनं, सुनंदानं, वर्षभर माझ्याशी अबोला धरल्यावर घेतलेला. गहू काकूंच्या घरचे. खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी त्यांचीच. हळदीकुंकवाचा करंडा मात्र आमच्या देव्हाऱ्यातला. बायकांच्या टेनिसचा सामना संपला, की जिंकलेली बाई दोन्ही हात वर करून उड्या मारायची आणि हरलेली खुर्चीवर बसून आपली पिशवी भरायला लागायची. कॅमेरा चुकून तिच्याकडं वळला, की काकू उठायच्या. काचेवर तिचं कपाळ येईल तिथं हळदीकुंकवाचं बोट टेकवायच्या आणि टीव्हीपुढं पाच ओंजळी गहू ओतायच्या. आता कॅमेरा काही काकूंसाठी थांबत नाही. त्यामुळं कुंकू कधी पंचाला लागायचं, कधी जाहिरातीतल्या साबणाला. बातम्या देणारे एक गंभीर गृहस्थ आमच्या घरी महिनोन्‌महिने मळवट भरून देशाची परिस्थिती सांगायचे.

"मोकळ्या हातानं जाऊन राह्यली पोरगी," काकू म्हणायच्या. "बराबर हाय का हे? बिलकुल बराबर न्हाई."

हा त्यांचा ठेका. प्रश्न त्याच विचारायच्या, निकालही त्याच द्यायच्या. पॅसेंजर उशिरा आली, दुधात पाणी निघालं, पावसानं दडी मारली, कशावरही हाच निकाल.

आम्ही बदनापूरला स्टेशनजवळच्या गल्लीत राहायचो. मी रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला जायचो. तिथं एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात उगवण तपासायचं काम होतं. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं. म्हणजे दिवसभर कंपनीत दाणे मोजायचे आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीखालचे दाणे वेचायचे, असा माझा संसार होता.

काकूंचे मालक त्या तिशीत असतानाच वारले. मूलबाळ नाही. गावाकडची जमीन दीर कसायचा आणि वर्षाचे गहू बिनचूक पाठवायचा. खोल्या दोन आणि माणूस एक. पण गल्लीतलं कुठलंही कार्य काकूंवाचून पार पडायचं नाही. शंभर पानांचं पुरण त्या एकट्या शिजवायच्या. कुणाचं डोहाळजेवण असो की बारसं, चुलीपुढं काकूच.

टेनिस त्यांच्या आयुष्यात विरजणाच्या निमित्तानं आलं. आमच्या गल्लीत सलीमभाईनं नुकतंच केबल आणलं होतं. एका दुपारी काकू वाटी घेऊन विरजण मागायला आल्या आणि टीव्हीपुढं उभ्याच राहिल्या. समोर एक पोरगी हरून आपलं सामान भरत होती. रॅकेटी, टॉवेल, पाण्याची बाटली. जिंकलेली तिकडं आईच्या गळ्यात पडली होती. हिच्याकडं कुणी बघत नव्हतं. हिनं पिशवी खांद्याला अडकवली, खाली बघत बघत चालत गेली आणि एका दारातून नाहीशी झाली.

"कुठं गेली?" काकूंनी विचारलं.

"घरी."

"अशीच?"

"मग कशी जाणार?"

काकूंनी वाटी खाली ठेवली. "पोरगी उंबऱ्याबाहेर पडली तर तिची ओटी न्हाई भरायची? हरली म्हनून काय झालं, आलती ना तुमच्या दारी?"

त्या दिवशी विरजण राहिलं आणि टेनिस लागलं.

आता घरात टेनिस म्हटल्यावर टेनिसचा जाणकारही हवा. ती जागा मी भरली. माझं टेनिसचं ज्ञान म्हणाल तर, त्याच्या चेंडूनं आम्ही लहानपणी क्रिकेट खेळायचो, इतकंच. पण "मला माहीत नाही" हे वाक्य माझ्या तोंडून आजवर धडपणे निघालेलं नाही. तिसऱ्याच दिवशी काकूंनी मला गाठलं.

"दिनकर, पंधरा झाले, तीस झाले. मंग पंचेचाळीस पाह्यजेत. ह्ये चाळीसच कसं म्हनून राह्यलेत?"

मी क्षणभरही न थांबता सांगितलं, "पाच पंचाला द्यावे लागतात."

"कशापायी?"

"उन्हात उंचावर बसतो ना बिचारा."

काकूंनी मान डोलावली. मोंढ्यात धान्य मापताना हमाल मूठभर काढून घेतो, तसंच हे असणार, हे त्यांना लगेच पटलं. पण त्या दिवसापासून पंच त्यांच्या मनातून साफ उतरला. "वर बसून नुस्ता पाच-पाच खातो," म्हणायच्या. ही माहिती त्यांनी गल्लीभर केली. पुढं एका शिकलेल्या पाहुण्यानंही ती मला मोठ्या अभिमानानं सांगितली आणि मी "असं का?" म्हणून ऐकून घेतली.

इंग्रजी समालोचनाचं मराठीही मीच करायचो. ते लोक वाऱ्याबद्दल बोलत असोत की गवताबद्दल, मी सांगायचो, "हिचं सासूशी पटत नाही म्हणतोय," किंवा "हिला काल ताप होता." काकू कान देऊन ऐकायच्या. खेळाडूंची नावं त्यांनी स्वतःच ठेवली होती. एक वेणीवाली, एक पट्टीवाली आणि एक कण्हणारी. कण्हणारीनं चेंडू मारला, की काकू म्हणायच्या, "जल्दी सुटू दे गं माय." जिंकलेलीला चांदीची मोठी थाळी मिळाली, की "परात झ्याक हाय, पन नक्षीत कणिक अडकंल." आणि आखूड घागऱ्यांबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की इतकं धावायचं तर काष्टा बरा, वाऱ्याची भीती नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडायची. पहिला चेंडू जाळीत गेला तर पुन्हा एक मारायला मिळतो, ही.

"दुसरा पन देतेत बघ," त्या दर वेळी नव्यानं सांगायच्या. "चुकली तरी कोनी काय बोलत न्हाई. घे माय, म्हनतेत, अजून एक घे."

एकदा टीव्ही बंद पडला. सलीमभाईनं मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत बसला.

"भाईसाब, ये टीवी है के कणगी? पावशेर गेहूं निकला अंदर से."

सुनंदा तोंडाला पदर लावून आत पळाली. काकू शांतपणे म्हणाल्या, "सांडले असतील."

"सांडे नई काकू, बोए है तुमने. मेरेकू बोलो, इसमेंच चक्की बिठा देता. इधर से गेहूं डालो, इधर से आटा लेव."

टीव्ही सुरू झाला. पण पुढं माझ्या हातून जे झालं, त्याला सलीमभाईकडंही दुरुस्ती नव्हती.

एका मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत. वेणीवाली आणि पट्टीवाली. शेवटचा सेट, दोघी बरोबरीत, काकू ओंजळीत गहू घेऊन सज्ज. आणि लाइट गेली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. काकू ओंजळ सोडेनात आणि त्या उठल्याशिवाय सुनंदा ताटं वाढेना. मला सडकून भूक लागली होती.

"वेणीवाली हरली," मी जाहीर केलं.

"तुला कसं कळलं?"

"तिचा श्वास तुम्ही बघितला नाही का? संपल्यातच जमा होती."

काकूंनी काळ्या काचेवर अंदाजानं कुंकू लावलं आणि वेणीवालीची ओटी भरली. मी जेवलो. भाजी चांगली झाली होती, हेही आठवतं.

दोन आठवड्यांनी काकू आल्या त्या हातात चहापत्तीच्या पुडीचा कागद घेऊन. वर्तमानपत्राचा तुकडा होता. त्यावर वेणीवालीचा हसरा फोटो, हातात परात.

"जिंकलेलीची ओटी भरली म्या," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "आन् ती दुसरी मोकळ्या हातानं गेली. तिला आता कुठं गाठू, दिनकर?"

दोन दिवस त्या आमच्याकडं फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि उभ्याउभ्याच बोलल्या. "टीव्हीचा काय भरवसा न्हाई. लाइट जाती, कॅमेरा पळतो, आन् तू हाईस खोटारडा. मला एक पोरगी जित्ती-जागती पाह्यजे. हरलेली. तिला डोळ्यांदेखत भरल्या ओटीनं पाठवायची. एकच. मंग मी काय मागनार न्हाई."

बदनापुरात हरलेली टेनिसपटू कुठून आणायची? मी "बघतो" म्हणालो. माझं "बघतो" सुनंदाला चांगलं ठाऊक आहे.

पण दोनेक वर्षांनी, हिवाळ्यात, पेपरात बातमी आली. औरंगाबादला बायकांची टेनिस स्पर्धा, एकेरीची, परदेशी व्यावसायिक खेळाडू येणार. मी पेपर घेऊन धावतच काकूंकडं गेलो. उत्साहाच्या भरात "तिथं माझी ओळख आहे, पास काढतो" असंही सांगून टाकलं. ओळख अर्थातच कुणाशी नव्हती.

काकूंनी आठ दिवस तयारी केली. गहू निवडले. नारळ वाजवून वाजवून घेतला. खण सुनंदाकडून निवडून घेतला, हिरवा, लाल काठाचा. करंडा आमचाच. मी लग्नातला कोट चढवला आणि आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं औरंगाबादला गेलो.

मैदानाच्या फाटकाशी मी कोटाच्या खिशात उगाच पास शोधू लागलो. वॉचमन म्हणाला, "या की साहेब, तिकीट-बिकीट काही नाही. आत माणूसच नाही."

टीव्हीवरची ती हजारो माणसं, त्या टोप्या, ते टाळ्यांचे कडकडाट, इथं काहीच नव्हतं. सिमेंटच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं आणि एक झोपलेलं कुत्रं. वॉचमननंच सगळं सांगितलं. या पोरी गावोगाव अशाच खेळत फिरतात. इथं चार गुण मिळवायचे, पुढच्या गावी आणखी चार, असे साठले की मग कधीतरी टीव्हीतल्या मोठ्या स्पर्धेत शिरायला मिळतं. पुष्कळजणी एकट्याच येतात.

आमच्यासमोर खेळत होती ती एकटीच आली होती. कुठल्याशा थंड देशातली, नाकाचा शेंडा उन्हानं सोललेला, एका बुटाला चिकटपट्टी गुंडाळलेली. पलीकडच्या मुलीबरोबर तिची आई होती, गुरुजी होते, केळी होती. काकूंनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं.

"ही हरनार," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग पुढचा दीड तास ती हरू नये म्हणून जिवाचं रान केलं. "मार की माय! त्या कोपऱ्यात मार, तिकडं कोनी न्हाई!" पंचानं दोनदा वळून पाहिलं. पंच मराठीच निघाला. "आजी, खेळ चालू असताना बोलायचं नसतं."

काकू पायरीवर नीट बसल्या. चिकटपट्टीवालीनं एक सुरेख गुण घेतला. पंधरा. मग तीस. मग पंच म्हणाला, चाळीस.

काकू उभ्या राहिल्या.

"ओ साहेब! तिचे पाच वापस द्या!"

सगळं थांबलं. कुत्रंही उठलं.

"माझ्या डोळ्यांदेखत खाल्लेत तुमी! पोरगी एकटी बघून? बराबर हाय का हे?"

पंचानं खुर्चीवरून वाकून मला विचारलं, "काय म्हणतायत या?" मी कोटाचं बटण नीट तपासत होतो. ते पक्कं होतं.

पाच काही परत मिळाले नाहीत आणि पोरगी हरली. हात मिळवले, खुर्चीवर बसली, तोंडावर टॉवेल धरला. थोड्या वेळानं टॉवेल काढून पिशवी भरायला लागली. रॅकेटी, बाटली. अगदी टीव्हीतल्यासारखं.

"चला काकू," मी म्हणालो. "आलाय तुमचा क्षण."

आम्ही मैदानाभोवतीच्या तारेच्या जाळीच्या दारापर्यंत गेलो. तिथं काकू थांबल्या. पिशवी माझ्या हातात दिली.

"जा. भर."

"मी?"

"तूच. सुनंदाला आनायला पाह्यजे व्हतं. माझंच चुकलं."

"काकू, पुरुष माणूस कुठं ओटी भरतो का? तुम्ही भरा! टीव्हीची तर इतकी वर्षं भरताय."

"टीव्ही काचेचा हाय, दिनकर. काचेला काय हुतंय?" त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. "ही जित्ती पोरगी हाय. माझ्या हातानं नको. तिला अजून लई खेळायचंय."

मी तिथं बैलासारखा उभा राहिलो. सुनंदाच्या डोहाळजेवणाचं पुरण काकूंनी केलं होतं, पोळ्या काकूंनी लाटल्या होत्या. गल्लीतल्या साऱ्या बायकांनी सुनंदाची ओटी भरली. तेव्हा काकू कुठं होत्या? मी आठवून पाहिलं. आठवेना. मी पाहिलंच नव्हतं. मी दुसऱ्यांदा पोळ्या वाढून घेत होतो.

"उभा काय राह्यलास? जाईल ना ती!"

मी गेलो. "मॅडम," मी म्हणालो, "यू लॉस्ट. सो, धिस." याहून चांगलं इंग्रजी त्या वेळी माझ्यापाशी नव्हतं. तिनं भुवया उंचावल्या. मी करंडा उघडला, तिनं डोकं मागं घेतलं, आणि कुंकू कपाळाऐवजी सोललेल्या नाकावर लागलं. पदर नव्हताच. मी हातांनी खूण केली तेव्हा तिला कळलं आणि तिनं टॉवेल पसरला. नारळ घातला, खण घातला, हळकुंड-सुपारी घातली, गव्हाच्या तीन ओंजळी घातल्या आणि सुटलो म्हणून वळलो.

"पाच!" जाळीपलीकडून आवाज आला. "तीनच झाल्या! दोन तू खाल्ल्यास का त्या पंचासारख्या?"

मी उरलेल्या दोन घातल्या. पोरीनं जाळीकडं पाहिलं. हे माझ्याकडून नाही, हे तिनं ओळखलं. टॉवेल पोटाशी धरून ती जाळीपाशी गेली आणि काकूंकडं बघत काहीतरी बोलली. पाच-सहा वाक्यं असतील. बोलता बोलता डोळे पुसले, मग हसली, आणि पिशवी खांद्याला लावून गेली. एका हातानं टॉवेल शेवटपर्यंत पोटाशी धरलेला होता.

"काय म्हन्ली?" काकूंनी विचारलं.

सवयीप्रमाणं मी तोंड उघडलं. सासू, ताप, सगळं जिभेवर तयार होतं.

"मला कळलं नाही, काकू."

"आन् इतकी वर्सं टीव्हीतलं? ते तरी कळायचं का?"

"नाही."

"मला ठाऊक व्हतं."

"मग ऐकत का होता?"

"तू बोलायचास. माझ्या घरी कोन बोलतंय?"

परतीच्या गाडीत मी धीर करून म्हणालो, "काकू, ते पाच गुणांचंही मी..."

"ते खरं हाय," काकूंनी मला मध्येच तोडलं. "ते म्या डोळ्यांनी पाह्यलं."

घरी आल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता भाकरी थापत राहिली.

महिन्याभरानं ती माहेरी, परतूरला, निघाली. गाडीला थोडाच वेळ होता. मी तिची पिशवी घेऊन पुढं चालू लागलो, तर ही मागं नाही. वळून पाहिलं, तर सुनंदा गयाकाकूंच्या दारात, उंबऱ्याच्या आत, पदर पसरून बसलेली. शेजारी आमचा करंडा.

"काय गं?" काकू भिंतीला टेकल्या होत्या.

"ओटी भरा. गाडीची वेळ झालीय, जल्दी."

"येडी झालीस का? माझ्या हातानं? आन् माहेरी जाताना कुठं भरतेत?"

"तिकडची आई भरेल. इथली तुम्ही भरा."

काकूंनी तिच्या पदराकडं पाहिलं. मग त्यांना एकदम मुद्दा सापडला. "अगं पन मी हरलेलीची भरती. तू कुठं हरलीस?"

सुनंदानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "ह्यांच्याशी लग्न केलं, काकू. अजून किती हरायचं?"

काकू आत गेल्या. डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा ओंजळ इतकी शिगोशीग भरलेली होती, की पदरात निम्मे आणि उंबऱ्यावर निम्मे. तरी मोजत होत्या, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. एक. दोन. तीन. चार. पाच.

स्टेशनावर गाडी शिटी देऊन निघून गेली. मी पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्यावरचे दाणे वेचायला बसलो.